टबातले बेडूकमासे

जुलैत आमच्या इंदूरला रिकाम्या प्लॉटवर डबकी साचली की नातवंडं मागे लागतात, आजी, बेडूकमासे! दहाच आणायचे, गर्दी झाली तर एकमेकांना कुरतडतात. सोबत बादलीभर डबक्याचं पाणीही आणा. नळाला नर्मदेचं पाणी येतं खरं, पण त्यात क्लोरीन असतं. ते उघड्या पातेल्यात दिवसभर ठेवूनच वापरायचं. पहिल्या वर्षी मी घाई केली आणि सकाळी सगळे पालथे. धाकटी दिवसभर बोलली नाही माझ्याशी.

टब सावलीत ठेवा. खायला उकडलेल्या पालकाचा नखाएवढा तुकडा. उरलेला संध्याकाळी काढायचाच, नाहीतर पाणी नासतं. (पोहे टाकायचे नाहीत, हे मोठ्याला दरवर्षी सांगावं लागतं.) एक दिवसाआड थोडं पाणी बदला.

आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. पुढचे दिसले की पालक बंद. तेव्हा तोंड बदलत असतं, शेपूट अंगात जिरते, त्यावरच ते जगतात. आता फुप्फुसांनी श्वास घ्यायचा असतो, म्हणून पाणी बोटभरच ठेवून तिरपा दगड लावा. नाहीतर पिल्लू चक्क बुडून मरतं. वर मच्छरदाणीचा तुकडा बांधा. शेपूट संपली की संध्याकाळी त्याच डबक्याकाठी सोडायचं, भोकाड पसरलं तरी.