पावसाळ्यात पचमढीला निघालात? या चुका टाळा

जुलैत दोन-चार दमदार सरी पडल्या की नागपुरात मध्य प्रदेशातल्या पचमढीचे बेत सुरू होतात. दरवर्षी लोक विचारायला येतात, आणि दरवर्षी ऐकायच्या आधी गाडीत पेट्रोल भरून मोकळे होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्री निघणं. "अडीचशेच किलोमीटर तर आहे, पहाटे पोचू." सावनेर, सौंसर, छिंदवाडा इथवर ठीक. पण पुढे तामियाचा घाट लागतो आणि पावसाळ्यात तिथे ढग थेट रस्त्यावर उतरतात. मानेवाड्यातलं आमच्या ओळखीचं एक कुटुंब असंच रात्री निघालं. दोन लहान मुलं, सोबत आजी. तामिया ओलांडल्यावर गाडीचं बोनेटसुद्धा दिसेना. हेडलाइट मोठा केला तर समोर नुसती पांढरी भिंत. मोबाइलला रेंज नाही, मागून ट्रकचे हॉर्न. शेवटी एका बंद टपरीशेजारी गाडी लावून उजाडेपर्यंत बसले. शनिवार झोपेत गेला आणि रविवारी परत. धबधबा एकही पाहिला नाही. मी पहाटे पाचला नागपूर सोडतो, नाश्ता छिंदवाड्यात करतो आणि दुपारच्या आत पचमढीच्या अलीकडचं मटकुली गाठतो. एक दिवस रजा टाकावी लागते, तर टाका. रजा वाचवायला मुलांना रात्री घाटात नेणं मला अजिबात पटत नाही.

रेल्वेने जायचं तर स्टेशन पिपरिया. नागपूरहून साधारणपणे इटारसीला गाडी बदलावी लागते आणि पिपरियाहून पुढे पन्नासेक किलोमीटर रस्ता आहे. ही जोडणी आधीच बघून ठेवा.

आपली कार घेऊन सगळीकडे फिरू, हा दुसरा गैरसमज. बी फॉल, धूपगडसारख्या ठिकाणी वनखात्याचा परवाना आणि तिथली जिप्सी लागते. परवाना पचमढीतच वनखात्याच्या बायसन लॉजवर मिळतो. सकाळी लवकर जा. पाऊस फार झाला की काही ठिकाणं बंद ठेवतात. तेव्हा तिथल्या माणसांशी हुज्जत घालू नका, ते तुमच्या जिवासाठीच अडवतात.

आता पाण्याचं. अप्सरा विहारचा डोह उथळ दिसतो म्हणून लोक लेकरांना खुशाल सोडतात. तोच ओढा थोडं पुढे जाऊन रजत प्रपात होऊन दरीत कोसळतो, हे किती जणांना माहीत असतं? तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस झाला की पाणी बघता बघता वाढतं. स्वच्छ पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा वाहून यायला लागला की फोटो राहू द्या आणि बाहेर या. रीलसाठी शेवाळलेल्या खडकाच्या टोकावर उभी राहणारी पोरं पाहिली की मला राहवत नाही, मी ओरडतो. त्यांना राग येतो, येऊ दे.

गुप्त महादेवाची गुहा इतकी अरुंद आहे की अंग तिरकं करून एकामागे एक सरकावं लागतं. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. पाठीवरची सॅक आधीच काढा. जटाशंकरच्या पायऱ्या कायम ओल्या असतात, तेव्हा गुळगुळीत तळाची चप्पल नको.

मढईची सफारी यात जोडू नका. मढई ज्यात येतं त्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो.

आणि नागपंचमीची तारीख पाहिल्याशिवाय हॉटेल बुक करू नका. त्याआधीचे काही दिवस पचमढीच्या डोंगरातल्या नागद्वारी गुहेची यात्रा असते आणि अख्खा विदर्भ तिथे लोटतो. यात्रेला जायचं असेल तर भक्तीने जा, डोंगर पायी चढायची तयारी ठेवून जा. नुसतं हिरवं बघायचं असेल तर यात्रा आटोपल्यावर आठवडाभराने निघा, तेही शनिवार-रविवार टाळून. खोली मिळते, जिप्सी मिळते आणि घाटात ट्रॅफिकही कमी असते.