खिडकीतले बुटके टोमॅटो : हिवाळ्यात या चुका टाळा

ऑक्टोबरात एखाद्या रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि सकाळी बाल्कनीतले टोमॅटो काळे पडलेले दिसतात. मग टोरंटोतली आमच्यासारखी मंडळी घरातल्या खिडकीकडे वळतात. पहिल्या वर्षी मी साध्या चेरी टोमॅटोचं बी लावलं. फेब्रुवारीपर्यंत वेल पडद्याच्या दांडीला टेकला आणि टोमॅटो लागले मोजून चार. घरात लावायचे तर मुळातच बुटके वाण हवेत. फ्लोरिडा विद्यापीठाने १९८९ मध्ये आणलेला ‘मायक्रो टॉम’ वीतभरच वाढतो, पण चवीला यथातथाच. मला ‘रेड रॉबिन’ जास्त आवडतो.

बाकीच्या बहुतेक चुकांचं मूळ उजेडात आहे. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा, त्यात आभाळ भरलेलं. आपल्याला खोली लख्ख वाटते, रोप मात्र उपाशी असतं. देठ लांब, पानं विरळ, सगळं रोप काचेकडे कललेलं दिसलं की उजेड कमी पडतोय असं समजा. एलईडीची पट्टी शेंड्यापासून वीतभर वर टांगा आणि टायमर १४ ते १६ तासांवर ठेवा. ‘जास्त उजेड, जास्त टोमॅटो’ म्हणून दिवा चोवीस तास चालू ठेवू नका. टोमॅटोला अंधारही लागतो, नाहीतर पानं पिवळी पडतात.

उजेड कमी तर रोप पाणीही कमी पितं. आपण मात्र उन्हाळ्याच्या सवयीने रोज तांब्या ओततो. माती ओली राहते, मुळं गुदमरतात आणि आठवड्याभरात कुंडीभोवती चिलटं घोंगावू लागतात. बोट पेरभर मातीत घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी. कुंडी उचलून बघायची सवय लागली की बोटाचीही गरज उरत नाही. ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या. खताचंही तसंच. नत्र जास्त झालं तर रोप हिरवंगार दिसतं, फळ धरत नाही.

फुलं येऊन देठासकट गळतात, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण पराग झडायला हलकासा हादरा लागतो. घरात ना वारा, ना भुंगा. मी बॅटरीचा जुना टूथब्रश घोसाच्या देठाला मागून दोन सेकंद टेकवते. पिवळी धूळ उडालेली दिसते. व्हिडिओ कॉलवर आईने हे पाहिलं आणि म्हणाली, “अगं, फुलांना दात आले की काय?” तरीही फुलं गळत असतील तर रात्री काचेजवळ थर्मामीटर ठेवून बघा. १३ अंशांखाली फळधारणा बिघडते. कुंडी काचेपासून हातभर आत घ्या, पण हीटरच्या झोताखाली नको.

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणारी फांदी, म्हणजे बगलफूट, खुडू नका. उंच वेलाला ते ठीक, या बुटक्यांची फळं त्याच फांद्यांवर धरतात.

आणि बाहेरची कुंडी आत आणताना पानांची मागची बाजू तपासा. गेल्या वर्षी थंडीत मरू नये म्हणून मी तुळस घाईघाईने आत आणली आणि थेट टोमॅटोशेजारी ठेवली. तिच्यावरचा मावा पंधरा दिवसांत सगळ्या कुंड्यांवर पसरला. साबणाच्या पाण्याने पानं पुसण्यात दोन रविवार गेले. यंदा तुळस देवघराजवळ आहे, टोमॅटो स्वयंपाकघरात.