विमानतळासाठी मुख्य अग्निशमन अधिकारी निवडताना या चुका टाळा

कराडच्या धावपट्टीच्या विस्ताराचा विषय सातारा जिल्ह्यात आणि कवलापूरच्या जागेचा विषय सांगलीत निघाला, की चर्चा भूसंपादन आणि विमानसेवा यांभोवतीच फिरते. परंतु विमानतळाचा परवाना देताना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय अग्निशमन व्यवस्थाही तपासते. ती व्यवस्था ज्याच्या भरवशावर चालते, त्या अधिकाऱ्याची निवड मात्र बहुतेक वेळा घाईत उरकली जाते. अशा मुलाखती घेताना जे दिसले, ते येथे मांडत आहे.

सुरुवातच चुकते ती जाहिरातीत. नगरपालिकेच्या अग्निशमन अधिकाऱ्याची जुनी जाहिरात घेऊन तिच्यात ‘विमानतळ’ हा शब्द घातला, की उमेदवारही तसेच येतात. शहरातील बंब रहदारीतून वाट काढत पोहोचतो आणि तेथून पुढे आग आटोक्यात आणण्यास वेळ असतो. विमानतळावर आंतरराष्ट्रीय मानकानुसार पहिल्या वाहनाने वापरातील धावपट्टीच्या कोणत्याही टोकापर्यंत ३ मिनिटांच्या आत पोहोचून फोमचा मारा सुरू करायचा असतो, आणि उद्दिष्ट तर २ मिनिटांचेच असते. सांडलेले इंधन पेटले की विमानाचे ॲल्युमिनियमचे आवरण साधारण मिनिटभरात जळून आगीला आत शिरायला वाट होऊ शकते. म्हणून येथे पहिले काम संपूर्ण आग विझवण्याचे नसून प्रवाशांना बाहेर पडता येईल एवढी वाट मोकळी ठेवण्याचे असते. हा फरक जाहिरातीत स्पष्ट लिहावा.

दुसरी चूक प्रमाणपत्रांच्या जाडीला भुलण्याची आहे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे शिक्षण भक्कम असते, यात शंका नाही. तथापि क्रॅश फायर टेंडर, म्हणजे विमानतळावरील खास अग्निशमन वाहन, चालवणे आणि विमान-आगीचा प्रत्यक्ष सराव हा वेगळा अभ्यास असून, त्यासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची दिल्ली व कोलकाता येथे स्वतंत्र प्रशिक्षण केंद्रे आहेत. उमेदवाराने जळत्या इंधनावरील सरावाचे नेतृत्व शेवटचे केव्हा केले, हे तारखेसह विचारावे आणि प्रशिक्षण संस्थेकडून पडताळून घ्यावे.

सर्वांत महाग पडणारी चूक मुलाखतीच्या खोलीत होते. तेथे शौर्याचे प्रसंग विचारले जातात आणि उमेदवारही ते रंगवून सांगतात. एका मुलाखतीत मी साधा प्रश्न विचारला: एअरबस ए३२० उतरायला पाऊण तास आहे, दोनपैकी एक टेंडर आत्ताच बंद पडला आहे, काय कराल? हे विमान सुमारे ३७.६ मीटर लांबीचे, म्हणजे विमानाच्या आकारावरून ठरणाऱ्या अग्निशमन क्षमतेच्या सहाव्या श्रेणीत बसणारे; त्या श्रेणीला किमान दोन वाहने आणि नेहमीच्या वापरातील ‘बी’ दर्जाच्या फोमसाठी ७,९०० लिटर पाणी लागते. अनुभवी म्हणवणाऱ्या उमेदवाराने नगरपालिकेचा बंब उसना आणण्याचा उपाय सुचवला आणि समितीतील दोघांनी कौतुकाने मान डोलावली. खरे तर शहरी बंब त्या हिशेबात धरता येत नाही. अपेक्षित उत्तर एवढेच होते, की विमानतळाची श्रेणी घसरल्याचे मी ताबडतोब हवाई वाहतूक नियंत्रणाला आणि व्यवस्थापनाला लेखी कळवीन व वैमानिकांसाठीची सूचना प्रसृत करवून घेईन. वर्षातील बहुतेक दिवस आग लागत नाही. परंतु वाहन नादुरुस्त होणे, जवान रजेवर असणे, फोमचा साठा कमी पडणे हे नित्याचे आहे, आणि त्या दिवशी व्यवस्थापकाच्या नाराजीची पर्वा न करता ‘क्षमता नाही’ असे सांगणारा माणूसच हवा असतो. म्हणून उमेदवाराच्या पूर्वीच्या ठिकाणी चौकशी करताना त्याने असे किती वेळा कळवले, हे आवर्जून विचारावे. एकदाही नाही, असे उत्तर आले तर मी तरी सावध होतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासण्याजोगी आहे. साखर कारखान्यांकडे स्वतःचे बंब असतात आणि मोठ्या दुर्घटनेत त्यांची मदत घ्यावीच लागेल. मात्र इथेनॉल पाण्यात मिसळत असल्याने त्याच्या आगीवर साधा फोम टिकत नाही, तेथे अल्कोहोलरोधक फोम लागतो. विमानाचे इंधन केरोसीनच्या जातीचे, त्याला साधा फोम चालतो. कोणाकडे कोणता फोम आहे आणि नळ्यांचे जोड एकमेकांत बसतात का, असे मुद्दे उमेदवार स्वतःहून काढतो का, ते पाहावे. कारखान्याच्या आसवनी (इथेनॉल तयार करणाऱ्या) विभागात काम केलेल्या उमेदवाराला केवळ ‘कारखान्याचा माणूस’ म्हणून वगळू नये.

पुण्यात कुटुंब ठेवून आठवड्याला ये-जा करणारा अधिकारी घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तरी निवासाची सोय आधी ठरवावी.

नियुक्तिपत्र देण्यापूर्वी अंतिम उमेदवाराला टेंडरमध्ये बसवून अग्निशमन केंद्रापासून धावपट्टीच्या दूरच्या टोकापर्यंत न्यावे आणि वेळ मोजावी. तो घड्याळाबरोबरच वाटेतले वळण, चिखल होणारी कडा आणि कुलूप लावलेले फाटक पाहत असेल, किल्ली कोणाकडे असते असे विचारत असेल, तर पुढची बोलणी करावीत.