घरात रेडॉन साठू नये म्हणून

गोंदियातल्या देवरीकडे मी तीस वर्षं गवंडीकाम करतो. यंदा थंडीत एका वहिनींनी निरोप धाडला, ग्रॅनाइटचा नवा ओटा फोडायचा आहे. फोनवर कोणीतरी पाठवलं होतं, ओट्यातून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू निघतो अन् कॅन्सर होतो. म्हटलं, ओटा राहू द्या, आधी मागची खोली दाखवा.

ओट्यातून येणारा रेडॉन नावापुरता. खरा येतो जोत्याखालून. माती-दगडात थोडं युरेनियम असतंच, त्याचं रेडियम होतं अन् रेडियमचा हा वायू. ग्रॅनाइटी खडकात युरेनियम काळ्या बेसाल्टपेक्षा जास्त.

मागच्या खोलीत धानाची पोती, खिडकी नाही, कोब्याला भिंतीलगत लांब भेग. तिथंच आजोबांची खाट, खाली बिडीची थोटकं. भेगेशी उदबत्ती धरली, तर धूर सरळ वर न जाता खोलीकडे वाकला. जमिनीतली हवा आत येत होती.

रेडॉनला वास नाही, रंग नाही. त्याच्यापासून तयार होणारे पोलोनियमचे कण फुफ्फुसात चिकटतात, त्यांचे अल्फा किरण पेशींना इजा करतात. आज खोकला नाही, डोकेदुखी नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर झालाच तर कित्येक वर्षांनी. विहिरीत उतरलेला माणूस भोवळ येऊन पडतो, तो रेडॉन नव्हे. तिथं प्राणवायू कमी असतो, म्हणून वाचवायला मागोमाग उतरू नका.

आता काम. भेग छिन्नीनं थोडी रुंद करा, धूळ काढा, पाणी मारा, एकास तीनचा सिमेंट-वाळूचा माल दाबून भरा अन् सात दिवस ओली ठेवा. घाई केली की पुन्हा तडकते. पाइपाभोवतीच्या फटीत सिलिकॉन. पण नुसतं बुजवून भागत नाही, वायू दुसरी वाट काढतो. म्हणून समोरासमोर दोन जाळ्या पाडा. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत घेतो, ते बरंच. एसी तीच हवा फिरवत बसतो. नवं घर बांधत असाल तर कोब्याखाली गिट्टीचा थर अन् त्यावर जाड प्लास्टिक अंथरा, तेव्हा स्वस्तात होतं.

मोजायचं असेल तर खोलीत रेडॉनची नोंद घेणारी फिल्म साधारण तीन महिने टांगतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, घनमीटर हवेला 100 बेकरेलच्या (किरणोत्साराचं माप) आत असावं, जमत नसेल तर निदान 300 च्या वर नको.

अन् बिडी. रेडॉनमुळे होणाऱ्या कॅन्सरचा धोका ओढणाऱ्याला न ओढणाऱ्याच्या सुमारे 25 पट. आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "मग भेगच बुजव बाप्पा."

भेग बुजवली, जाळ्या पाडल्या, खाट बाहेर सपरीत नेली. ओटा शाबूत आहे. जाळ्यांचे पैसे मात्र वहिनींकडून यायचे आहेत.