ग्रामीण रुग्णालयांतल्या डिजिटल नोंदी: पैसा खर्च होतोय, या चुका टाळा

गोव्यात वाळपई, सांगे किंवा काणकोणहून रुग्णाला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) पाठवतात, तेव्हा त्याच्या आजाराचा सगळा इतिहास बहुतेक वेळा एका प्लास्टिकच्या पिशवीत असतो. जुने केसपेपर, एक्स-रेचे लिफाफे, शाई उडालेला ईसीजी, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. पिशवी घरी राहिली की गोमेकॉतल्या डॉक्टरांना सगळे पहिल्यापासून विचारावे लागते, रक्त पुन्हा काढावे लागते, आणि सोबत आलेल्या माणसाचा रोजगार बुडतो. रुग्णालयांनी एकमेकांना दाखवायच्या डिजिटल नोंदींवर सरकारने पैसा खर्च करावा तो या पिशवीतून माणसांची सुटका व्हावी म्हणून. रुग्ण पोचण्याआधी त्याची नोंद पोचली का, या एकाच कसोटीवर हा सगळा खर्च तपासावा, असे माझे ठाम मत आहे.

हे होऊ शकते, हे गोव्याने दाखवलेले आहे. हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या स्टेमी गोवा प्रकल्पात तालुक्याच्या रुग्णालयात काढलेला ईसीजी गोमेकॉच्या हृदयरोग विभागापर्यंत पोचतो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देता येते. रुग्ण अजून गावाकडच्या खाटेवर असतो, पण त्याचा कागद पुढे गेलेला असतो. इतर आजारांच्या बाबतीत गाडी अडते कुठे, ते पाहू.

आभा कार्ड काढले, म्हणजे काम झाले

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यात मिळणारा १४ अंकी आभा क्रमांक ही फक्त रुग्णाची ओळख आहे. पंचायतीच्या सभागृहात शिबिर भरते, कार्डे वाटली जातात, फोटो निघतात. पुढे त्या क्रमांकाला एकही केसपेपर जोडला जात नाही. क्रमांक काढणे हे एक काम आणि आजची तपासणी, आजचा रिपोर्ट त्या क्रमांकाला जोडणे हे दुसरे, आणि हे दुसरे काम रोज, प्रत्येक रुग्णामागे करावे लागते. ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेतले, तरी नोंद आपोआप जोडली जाते असे समजू नका. स्कॅनने तुमचे नाव-गाव काउंटरवर पोचते, एवढेच.

याहून मोठा गैरसमज असा, की सगळ्या नोंदी दिल्लीत कुठल्यातरी एका भांडारात जमा होतात. तसे होत नाही. नोंद ज्या रुग्णालयात तयार झाली तिथेच, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये राहते. रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या रुग्णालयाला तिथून ती मागवता येते. म्हणजे पहिल्या केंद्राचा सर्व्हर बंद असेल किंवा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा करार संपला असेल, तर बांबोळीच्या डॉक्टरांच्या पडद्यावर काहीच येणार नाही. निधीची आखणी करणाऱ्यांनी ही गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी.

एक बाई, दोन नावे, दोन रुग्ण

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या चुकीची, कारण ती पैशाने सुटत नाही आणि तिची किंमत बायकांना मोजावी लागते.

आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे पहिले नावसुद्धा बदलण्याची पद्धत अनेक घरांत आहे. आधारवर माहेरचे नाव असते, सासरी सगळे नव्या नावाने ओळखतात. समजा, साखळीच्या आरोग्य केंद्रात तिची गरोदरपणाची नोंद सासूने सांगितलेल्या नावाने झाली. रक्तगट निगेटिव्ह निघाला आणि २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचे इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार होऊ नये म्हणून देतात ते) देऊन झाले. बाळंतपणासाठी ती माहेरी पेडण्याला गेली आणि कळा सुरू झाल्यावर म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात पोचली. तिथे आधार दाखवले, आधारवरच्या नावाने नवा आभा क्रमांक निघाला. यंत्रणेच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. रक्तगट एकीच्या नावावर, बाळ दुसरीच्या. बाळ पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत इंजेक्शन पुन्हा द्यायचे असते, आणि ऐनवेळी सगळी भिस्त तिच्या आठवणीवर.

यावरचा उपाय काउंटरवरच आहे. नवी नोंद उघडण्याआधी मोबाईल क्रमांक आणि आभा क्रमांक दोन्ही टाकून जुनी नोंद शोधा. आधारवरचे नाव मुख्य रकान्यात आणि हाक मारायचे नाव शेऱ्यात लिहा. गावात फिरणाऱ्या परिचारिकेच्या (एएनएमच्या) रजिस्टरमध्येही दोन्ही नावे असू द्या.

पुरुषांची गत फार वेगळी नाही. सत्तरी तालुक्यात एकाच वाड्यावर एकाच नावाचे तीन गावकर सापडतात, आणि जुन्या पिढीतल्या बऱ्याच जणांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. नाव आणि तारीख जुळली म्हणून नोंद त्याच माणसाची आहे असे धरू नका. वडिलांचे नाव विचारा, वाडा विचारा. एकाच्या मधुमेहाच्या गोळ्या दुसऱ्याच्या नावावर चढल्या, तर तो गोंधळ नोंद नसण्यापेक्षा घातक.

ओटीपीसाठी मोबाईल मुलाकडे आणि मुलगा पर्वरीला कामाला, हेही रोजचेच. अशा वेळी कर्मचारी घाईत स्वतःचा क्रमांक टाकून मोकळे होतात. कृपा करून असे करू नका. मग पुढची प्रत्येक संमती त्या कर्मचाऱ्याच्या फोनवर येते आणि त्याची बदली झाली की रुग्ण स्वतःच्याच नोंदीपासून तुटतो. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून आधारची पडताळणी करण्याची सोय आहे, ती वापरावी.

पैसा यंत्राला, माणसाला नाही

केंद्राने २०२२ साली या मिशनसाठी पाच वर्षांकरता १,६०० कोटी रुपये मंजूर केले. राष्ट्रीय आरोग्य अभियानातूनही पैसा येतो आणि त्यात गोव्याने स्वतःचे ४० टक्के घालायचे असतात. अशा निधीतून संगणक, प्रिंटर, टॅब घेणे सोपे. खरेदी एकदाच होते, बिल लागते, वस्तू डोळ्यांना दिसते. खर्च खरा सुरू होतो तो त्यानंतर. वार्षिक देखभाल, नेटचे बिल, बॅटऱ्या बदलणे आणि मुख्य म्हणजे नोंद भरणारा माणूस. सकाळच्या ओपीडीत डॉक्टरांनी रुग्ण तपासायचे की टायपिंग करायचे? प्रस्तावात डाटा एंट्री ऑपरेटरचे पद किमान तीन वर्षांसाठी नसेल, तर रुग्ण कल्याण समितीने तो प्रस्ताव परत पाठवावा.

कमाईचीही एक वाट आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजनेत सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालये पात्र ठरली. दहा किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयाने महिन्याला खाटेमागे ५० नोंदी आभाला जोडल्या, की त्यापुढच्या प्रत्येक नोंदीला २० रुपये, असे योजनेचे सूत्र. २० खाटांच्या रुग्णालयाने महिन्यात १,६०० नोंदी जोडल्या, तर पहिल्या १,००० सोडून उरलेल्या ६०० नोंदींचे १२,००० रुपये. ऑपरेटरच्या मानधनाला हातभार लागतो. अर्ज करण्याआधी योजनेची सध्याची मुदत आणि दर तपासा. रुग्णालयाचे नाव आरोग्य सुविधा नोंदवहीत आणि डॉक्टरांची नावे व्यावसायिकांच्या नोंदवहीत चढली आहेत का, तेही बघा. आणि वाटलेली कार्डे यात धरत नाहीत, जोडलेल्या नोंदीच धरतात.

सॉफ्टवेअर निवडताना एनआयसी आणि सी-डॅक या सरकारी संस्थांची अनुक्रमे ई-हॉस्पिटल आणि ई-सुश्रुत ही सॉफ्टवेअर आधी पाहावीत. खासगी कंपनीकडून घ्यायचे असेल, तर करार संपल्यावर जुन्या नोंदी प्रमाणित स्वरूपात आणि विनामूल्य परत मिळतील, हे करारात लिहून घ्या. रोगांच्या सांकेतिक यादीचे वेगळे पैसे कोणी लावत असेल तर नाकारा. स्नोमेड सीटी ही अशीच यादी, ती चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत २०१४ पासून सदस्य आहे, देशात या यादीच्या परवान्याला पैसे पडत नाहीत.

कागदाचा फोटो चढवला, झाली डिजिटल नोंद

हस्ताक्षरातल्या केसपेपरचा मोबाईलवर काढलेला तिरका फोटो बांबोळीला वाचता येत नाही आणि शोधता तर मुळीच येत नाही. सगळे टाईप करणे जमत नसेल, तर निदान चार गोष्टी टाईप करा: निदान, चालू औषधे त्यांच्या मात्रेसह, ॲलर्जी, आणि पुढे का पाठवले. काजूच्या हंगामात सत्तरीतून तापाचा रुग्ण पाठवताना ‘रानात जातो, गोचीड चावली असण्याची शक्यता’ ही एक ओळ माकडतापाची तपासणी लवकर करून घेते.

एकच पासवर्ड सगळ्यांना

भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड काढा, आजच. कोणी काय पाहिले, काय बदलले हे कळायलाच हवे, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाल्यापासून ही निव्वळ शिस्तीची बाब राहिलेली नाही. लहान गावात क्षयाची किंवा गर्भपाताची नोंद बाहेर फुटली, तर माणूस पुन्हा त्या केंद्राची पायरी चढत नाही. बदली झालेल्यांचे लॉगिन त्याच दिवशी बंद करा.

पावसाळ्यात वीज आणि नेट जाणारच. त्या दिवसांचे कागदी टोकन जपून ठेवा आणि दुसऱ्या सकाळी ओपीडीआधी नोंदी चढवा.

नोंद दिसत नसेल तर

बांबोळीला पोचलात आणि डॉक्टर म्हणाले काही दिसत नाही, तर आधी आभा ॲपमध्ये जुन्या केंद्राचे नाव जोडलेले आहे का ते पाहा. नसेल तर ॲपमधून ते केंद्र शोधून तिथल्या नोंदी जोडता येतात. केंद्र दिसते पण नोंद उघडत नाही, तेव्हा संमतीची मुदत संपली असेल किंवा संमती देताना तो प्रकार वगळला गेला असेल. दवाचिठ्ठीला हो म्हटले आणि लॅब रिपोर्ट राहून गेला, असे पुष्कळदा होते. नवी संमती द्या. तरीही नाही आले, तर आपल्या आरोग्य केंद्राला फोन करून नोंद दुसऱ्या आभा क्रमांकावर गेली आहे का, हे विचारा. बेशुद्ध माणूस संमती देऊ शकत नाही, म्हणून ॲलर्जी आणि चालू औषधांची एक चिठ्ठी घरातल्या कोणाच्या तरी पाकिटात असू द्या.