विजेवरची घरगुती ब्रुअरी बांधताय? या चुका टाळा

गराजमधली माझी बिअरची पहिली बॅच पाण्यासारखी पातळ निघाली. तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर तर तासभर ६७ अंश, आकडा जागचा हलला नव्हता. दुसऱ्या बॅचला शंका आली म्हणून स्वयंपाकघरातला थर्मामीटर मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजत घातलेल्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यात) खुपसला, तर ६३! सेन्सर मी बसवला होता गरम पाण्याच्या टाकीत आणि माल्ट भिजत होता शेजारच्या भांड्यात. मॅशमधलं गोड पाणी, म्हणजे वॉर्ट, पंपाने टाकीतल्या कॉइलमधून (गुंडाळलेल्या नळीतून) फिरून, गरम होऊन परत येतं. कंट्रोलर बिचारा दिलेलं काम चोख करत होता.

६३ अंशांना बीटा अमायलेज, म्हणजे यीस्टला पचेल अशी साखर करणारं एन्झाइम, जोरात असतं. बहुतेक साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि बिअरला अंगच उरत नाही. मग मी दुसरं टोक गाठलं, सेन्सर थेट धान्यात खोचला. धान्याचा थर सावकाश तापतो. तोवर टाकीतला एलिमेंट (पाणी तापवणारा विजेचा रॉड) चालूच, आणि कॉइलमधून येणारा वॉर्ट इतका कडक की एन्झाइम वाटेतच मरायचे. सेन्सर हवा कॉइलच्या तोंडाशी, वॉर्ट मॅशकडे परततो त्या टी-जोडात, टोक वाहत्या धारेत बुडेल असा. पीआयडीचं (तापमान पाहून ताकद कमीजास्त करणाऱ्या त्या कंट्रोलरचं) ऑटोट्यूनही, म्हणजे त्याची आपोआप जुळणीही, नेहमीच्या मापाचं पाणी भरून, पंप चालू ठेवूनच करा.

विजेत काटकसर नको. ५५०० वॉटचा एलिमेंट २४० व्होल्टवर २३ अँपिअर ओढतो. इथे अमेरिकेत त्याला ३० अँपिअरचा ब्रेकर, १० गेजची तांब्याची वायर आणि जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारा, आपल्या ईएलसीबीचा भाऊ) लागतो. नेहमीच्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर १५०० वॉटमध्ये भागवाल, पण ३० लिटर पाणी २० वरून ६७ अंशांवर न्यायला तासाहून जास्त लागेल. तेच ५५०० वॉटवर अठरा मिनिटांत होतं. (महाराष्ट्रातल्या मित्रांनो, तिकडे विनापरवाना बिअर करणं गुन्हा आहे. इकडे केंद्राच्या कायद्याने १९७९ पासून घरच्यापुरती चालते.)

एसएसआरवर (कंट्रोलरच्या इशाऱ्याने एलिमेंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) आंधळा विश्वास टाकू नका. तो बिघडला की बहुतेक वेळा 'चालू' स्थितीतच अडकतो. पडद्यावर शून्य टक्के, आणि एलिमेंट तापतोय! म्हणून त्याच्या आधी कॉन्टॅक्टर (वीज पूर्ण तोडणारा मोठा स्विच) हवा आणि तो पाडायला हाताशी लाल बटण. २३ अँपिअरला एसएसआर स्वतःच पंचवीसेक वॉट उष्णता सोडतो. हीटसिंक बंद डब्याच्या आत ठेवलात तर डब्याची भट्टी होते, बाहेरच्या अंगाला बसवा. आणि बंद एसएसआरमधूनही थोडा करंट झिरपतो, त्यामुळे आत हात घालण्याआधी प्लग काढायचाच.

उकळीला पीआयडी वापरू नका. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावात पाणी ९५ अंशांनाच उकळतं. १०० वर लावलेला कंट्रोलर ते कधीच न येणारे १०० गाठायला पूर्ण ताकदीने जाळत बसतो आणि फेस उतू जातो. मॅन्युअल मोडवर टाका, ६० टक्क्यांपासून सुरुवात करा.

पंपाचा प्रवाह कमी करायचाय? व्हॉल्व्ह पंपातून बाहेर पडणाऱ्या बाजूचा आवळा. आत येणाऱ्या बाजूचा आवळलात की पंप हवा धरून खडखडतो. आणि पंप सुसाट सोडलात तर तो धान्य खाली ओढून विटेसारखं घट्ट करतो, मॅश अडकतो, धार तुटते. एलिमेंट टाकीऐवजी वॉर्टच्या वाटेतल्या नळीत असेल तर तो तिथल्या तिथे वॉर्ट करपवतो, म्हणून प्रवाह थांबताच एलिमेंट बंद पडेल असा फ्लो स्विच लावा. गहू जास्त असेल तर भाताची तुसं मिसळा, मॅश मोकळा राहतो.

शेवटचं दुखणं म्हणजे ऐन उकळीत जीएफसीआय पडणं. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "साधा ब्रेकर टाका हो, कटकट मिटेल." नाही टाकला. केटल गार करून, प्लग काढून एलिमेंटमागची डबी उघडली. गॅस्केट सरकलं होतं आणि टर्मिनलवर पाण्याचे थेंब लोंबत होते.