ओटीपी भामट्याच्या कानावर पडू नये म्हणून

"कुरिअर अडकलंय, हा नंबर लावा" असा फोन येतो. नंबराच्या सुरुवातीला *21* किंवा *401* असेल आणि पुढे दहा आकडी मोबाइल नंबर, तर तो लावू नका. तो कॉल फॉरवर्डिंगचा कोड असतो. एकदा लागला की तुमचे कॉल भामट्याकडे वळतात. एसएमएस वळत नाहीत, म्हणून तो "ओटीपी कॉलवर सांगा" हा पर्याय निवडतो. पहिला बळी बहुधा व्हॉट्सअ‍ॅपचा. तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन आजच लावा.

तपासायला *#21# डायल करा. अनोळखी नंबर दिसला तर ##002# लावा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं (तुम्ही स्वतः लावलेलंसुद्धा). कोड चालला नाही तर फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंग बंद करा.

मग नेट बँकिंगचा पासवर्ड बदला, तोही दुसऱ्या फोनवरून. लबाडाने एपीके फाइल (अ‍ॅप बसवणारी फाइल) टाकायला लावली असेल तर हा फोन भरवशाचा नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) लावा आणि बँकेला कळवून खातं गोठवून घ्या. बँकेचा नंबर कार्डामागचा घ्या, गूगलवर शोधलेला नको.